लागण तारखेचा कॉलम

विश्रामबागच्या ऑफिसात बसून अंकिता इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळायची. ऊसतोडीची पाळी दाखवणारा ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरचा तक्ता, तिनंच बसवला होता. दुपारी कारखान्याच्या शेती खात्यातल्या विश्वजितचा फोन आला.

"मॅडम, पाळीच्या ग्रिडमधनं लागण तारखेचा कॉलम लपवा की. स्क्रीनवर लय गर्दी होती."

गर्दी? इनमीन सहा कॉलम. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, आधी, त्याचा ऊस आधी तुटणार, हा नियम. तारीखच दिसली नाही, तर मधे घुसलेला कळणार कसा?

"साहेबांनी सांगितलंय?"

"आवं, एवढ्याशा कामाला सायेब कशाला?"

बघते म्हणून तिनं फोन ठेवला. पण कॉलम लपवण्याऐवजी वेगळाच कोड लिहिला. ग्रिड आता प्रत्येक ओळीची पाळी आणि लागण ताडून बघणार होता. उशिराची लागण पुढं सरकलेली असली, की ती ओळ पिवळी. सकाळीच आलेल्या डेटावर तिनं तो चालवला.

एकच ओळ पिवळी झाली. तिच्या वडिलांची.

तिनं गाव, गट नंबर परत वाचला. मग घरी फोन लावला.

"आबा, पाळी लवकर कशी काय आली तुमची?"

हंबीररावांनी आवाज खाली आणला. "त्या विश्वजितनंच इचारलं, अंकिता तुमचीच न्हवं का. मी व्हय म्हनलं. मागितलं काय न्हाई मी."

तिनं विश्वजितला विचारलं, तर तो हसला. "तुमच्याच घरचं काम केलंय, मॅडम. कशाला ताणताय?"

म्हणजे आबांची ओळ नुसती सुरुवात होती. तिचं तोंड बंद झालं, की बाकीच्या सरकणार होत्या. किती जणांना त्यानं शब्द दिला होता, कोण जाणे.

संध्याकाळी तिनं कॉलम जागेवर ठेवूनच नवा ग्रिड पाठवला, आणि पिवळ्या ओळीचा फोटो थेट शेती अधिकाऱ्यांना. खाली लिहिलं, 'हे माझे वडील आहेत.'

आबांची पाळी मागं गेली. विश्वजितची बदली गोदामाकडं झाली. पुढच्या रविवारी ती गावी गेली, तर आबा बांधावर उभे होते. उसाला तुरे आले होते.

"वजन घटणार आता," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "जेवून आलीस का?"