दोन दारांमधला शब्द

मी चावी बोलतेय. कुलपात फिरते ती लोखंडाची नव्हे, तुमच्या तोंडी असलेला शब्द. अक्षरं दोनच, पण हिंडले मात्र पुष्कळ.

लॅटिनमध्ये मी 'क्लाविस' होते. पोर्तुगिजांच्या तोंडी 'चावे' झाले आणि त्यांच्याच गलबतांतून इकडच्या किनाऱ्याला लागले. फ्रेंचांकडे माझी एक बहीण आहे, 'क्ले' नावाची. बंगाल्यांनी मला 'चाबी' केलं, तमिळांनी 'सावी'. मराठीत आणि गुजरातीत मात्र मी अगदी एकच. दोघांनाही वाटतं, ही आपल्या घरचीच. मीही कधी खुलासा करायला गेले नाही. घड्याळाला मला देतात ते ठीक, पण कुणी कुणाला भडकवलं की 'चावी फिरवली' म्हणतात, त्याचा मला राग येतो.

लालबागच्या एका चाळीत माझा जीव रमला. दुसऱ्या माळ्यावर कौसल्या राहायची. तिचा नवरा दत्ताराम गिरणीत कामाला. शेजारच्या खोलीत चंचळबेन, कापडाच्या दुकानातल्या गुमास्त्याची बायको. देवळात निघाली की दार ओढून ती म्हणायची, "कौसल्याबेन, चावी राखजो." कौसल्या भाकरी थापता थापता म्हणायची, "ठेवा फळीवर." बारा वर्षं हे असंच चाललं. इतक्या भाषा हिंडले, पण एवढ्या निर्धास्तपणे मला कुणी उच्चारलं नाही.

मग छप्पनचा जानेवारी आला. मुंबई कुणाची यावरून शहर पेटलं. मोर्चे निघाले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. चंचळबेन आता कुलूप लावायची, चावी कमरेला खोचायची आणि खाली मान घालून निघून जायची. कौसल्याला ते फार लागलं.

"मी काय तिचं घर लुटणार हाय?" ती नवऱ्याला म्हणाली.

"भ्यालीय ती," दत्ताराम म्हणाला. "तिच्या दारावरनंच घोषणा देत जातो ना आम्ही."

तळमजल्यावरचा राजाराम तर एक दिवस वर येऊन सांगून गेला, "वयनी, चावी बोलू नका. ती गुजरात्यांची. आपण किल्ली बोलायचं." मला हसावं की रडावं कळेना. भांडण शहराचं, आणि वाटणीला मलाच धरलं. कौसल्यानं चार दिवस प्रामाणिकपणे किल्ली म्हणून पाहिलं.

पाचव्या दिवशी दुपारी निरोप आला. दत्तारामच्या मांडीत गोळी लागली होती, त्याला परळच्या इस्पितळात नेलं होतं. आठ वर्षांची बकुळा अजून शाळेतून यायची होती. निरोप ऐकून राजाराम आणि चाळीतले चार बाप्ये गॅलरीत जमले.

"वयनी, किल्ली माझ्याकडे द्या," राजाराम म्हणाला.

कौसल्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारचं दार वाजवलं. बाहेर एवढे पुरुष उभे असताना कडी काढणार कोण?

"चंचळबेन, मी हाय, कौसल्या. यांना गोळी लागलीय. बकुळा येईल आता. चावी ठेवा."

माझा जीव टांगणीला लागला. त्या बाईनं मला झेललं नसतं, तर त्या चाळीत मी पुन्हा तशी उच्चारली गेले नसते.

कडी निघाली. चंचळबेन बाहेर आली. गॅलरीतल्या पुरुषांकडे एकदा बघून तिनं चावी घेतली. "तमे जाव," ती म्हणाली. "छोकरीला मी बघते."

कौसल्या धावत जिना उतरली. चंचळबेननं कौसल्याची खोली उघडली, चुलीवर भात चढवला आणि उंबऱ्यात बकुळाची वाट पाहत बसली. स्वतःचं दार तिनं सताड उघडं टाकलं होतं. घाईत ते नुसतं लोटायचंही ती विसरली होती.

राजाराम त्या उघड्या दाराकडे बघत राहिला. मग बाकीच्यांना खाली पाठवून, बकुळा येईपर्यंत, तो त्याच दाराशी भिंतीला टेकून राखण करत बसला.

मी कुठली, कुणाची, हे ठरवायला लोक अजून बसतात. बसोत. माझं मागणं एवढंच आहे, बाहेर निघताना शेजारच्या दारी जरा थांबा आणि माझं नाव घ्या.