पाहुणा जेवून गेला

मास्तरीण या शहरात आली आणि महिन्याभरातच तिनं ठरवून टाकलं, की इथं खायला मिळतं, जेवायला मिळत नाही. आता कुणी म्हणेल, नव्या माणसानं आल्या आल्या एवढं तोंड सोडायचं काय कारण? पण ज्याची त्याची जीभ. हिची मुळातच तिखट. शाळेत शिकवायला ती कधी गेली नव्हती. मास्तरीण हे नाव नवऱ्यानं ठेवलं, कारण ती समोरच्याच्या चुका काढायची आणि काढून झाल्यावर त्याला बरं वाटावं म्हणून हसायची. सासरी सगळ्यांनी ते उचललं आणि खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं.

शहर बेताचं. नदीवर दोन पूल, एक स्टेशन, आणि हॉटेलं मात्र उदंड. नवऱ्याला इथल्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी लागली आणि दोघं, जागा मिळेपर्यंत म्हणून, त्याच्या थोरल्या बहिणीकडे उतरली. ताईंचं खाली हॉटेल आणि वर बिऱ्हाड. बिऱ्हाडातली मागची खोली यांना मिळाली. जागा मिळेपर्यंत म्हणता म्हणता वर्ष उलटलं. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्या खाली हॉटेलच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा. उघडली की रश्श्याचा वास आत, बंद केली की जीव गुदमरतो. उशीला तोच वास, टॉवेलला तोच, डोक्यावरून अंघोळ करून आलं तरी तासाभरात केसांना तोच. वेगळी चूल मांडायची सोय नव्हती. दोन्ही वेळा खालून डबा वर यायचा.

आणि ताईंकडे रस्सा एकच. सोमवारी मोठं पातेलं चढायचं, ते आठवडाभर पुरायचं. त्यात मासा सोडला की माशाचा, कोंबडी सोडली की कोंबडीचा, अळंबी सोडली की अळंबीचा.

"आई एक आणि लेकरं बारा," मास्तरीण एकदा नवऱ्याला म्हणाली, "आणि गुरुवारपर्यंत आईसुद्धा आंबते."

नवरा हसला नाही. "तुला ताईचं काही पटतच नाही."

"पटायचं काय त्यात? चाखून बघ ना!"

"मी लहानपणापासून तिच्या हातचं खातोय."

झालं! संपलं! नणंदेच्या स्वयंपाकाला भावजयीनं नाव ठेवलं तर जगात कुणाला नवल वाटत नाही, आणि ते कुणी खरंही मानत नाही. मास्तरीण आतून धुमसत राहिली.

मग तिला गावातल्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची नोकरी लागली. एक दिवस दुपारच्या सुट्टीत ती कँटीनच्या सूपचे वाभाडे काढत होती आणि मागं संपादक उभे. तिला वाटलं, गेली नोकरी. पण संपादकांनी तिला आत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "बाई, हॉटेलांवर दर शनिवारी लिहा. इथल्या माणसाला सांगायची सोय नाही हो. कुठल्याही हॉटेलात शिरा, ते कुणाच्या तरी मेव्हण्याचं निघतं. तुम्ही नव्या, तुमचं इथं कोण आहे?"

एक हॉटेल आपल्या नणंदेचं आहे, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. लिहायला मिळतंय, ही हाव सुटली होती.

"पण या कानाचं त्या कानाला कळता कामा नये," संपादक म्हणाले. तिनं नवऱ्यालाही कळू दिलं नाही. नवऱ्याच्या पोटात काही राहत नसे आणि ताईंच्या तोंडात तीळ भिजत नसे.

सदराला नाव दिलं 'पाहुणा'. आणि पाहुणा सुटला की हो! स्टेशनसमोरच्या हॉटेलाबद्दल त्यानं लिहिलं, 'सूप गरम असतं, एवढं त्याच्या बाजूनं सांगता येईल.' पुलाजवळच्या महागड्या जागेबद्दल लिहिलं, 'वाढपी इतके अदबीनं उभे राहतात, की जेवण आणायला जायचं त्यांच्या जिवावर येतं.' गावातल्या नामांकित बेकरीच्या केकवर फुलं फार सुंदर होती, खाली काय होतं ते पाहुण्याला सांगता आलं नाही. लोक चिडले, शिव्या घातल्या, आणि शनिवारी सकाळी आधी तेच पान उघडायला लागले.

ताईंचे यजमान तर पाहुण्याचे भक्तच झाले. नाश्त्याच्या वेळी मोठ्यानं वाचायचे आणि टेबलावर थाप मारायचे. "वा रे पठ्ठ्या! कुणाच्या बापाला भीत नाही. पण बायको नसणार हं याला. घरी धड जेवायला मिळालं असतं तर एवढा पिसाळला असता का?"

सगळे हसायचे. मास्तरीण पाव चावत बसायची. मनात मात्र तिला गुदगुल्या व्हायच्या. मास्तरणीच्या बोलण्याला या घरात कवडीची किंमत नव्हती आणि पाहुण्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

अशात तिला जागा सापडली. पुलापलीकडे, एका निवृत्त नर्सबाईंच्या घरात दोन खोल्या. वेगळं स्वयंपाकघर, आणि खिडकीबाहेर नुसतं झाड. त्या खिडकीत उभं राहून तिनं असा श्वास घेतला, की नर्सबाईंनी विचारलं, "दमा आहे का तुम्हाला?" महिनाअखेरपर्यंत थांबते, असं बाईंनी कबूल केलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ताईंच्या यजमानांनी नवऱ्यासमोर भागीदारीचं काढलं. हॉटेल रडतखडत चाललं होतं, त्यांना हाताशी घरचं माणूस हवं होतं. कारखाना सोड, गल्ल्यावर बस, मागची खोली कायमची तुमची.

कायमची! खोलीत येऊन मास्तरणीनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "हॉटेल चालत नाही कारण जेवण वाईट आहे. तू त्यात उडी घेऊ नकोस. पुलापलीकडे नर्सबाईंच्या दोन खोल्या बघून आलेय मी. मला इथं नाही राहवत रे, मी कोंडून मरेन."

"पुन्हा तेच!" नवरा म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "असं करू. तो पाहुणा आज ना उद्या आपल्याकडे येणारच. तो काय लिहितो ते बघू. तो ताईचा ना सोयरा ना वैरी. त्यानं नाव ठेवलं तर आपण तुझ्या त्या खोल्यांत जाऊ. वचन."

मास्तरणीला हसू आवरेना. किल्ली आपणहून हातात येऊन पडली होती! दुसऱ्या दिवशी तिनंच संपादकांना ताईंचं हॉटेल सुचवलं. नातं याही वेळी सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती खोलीत लिहायला बसली. एका बैठकीत लिहून झालं. रस्सा, पातेलं, बारा लेकरं, सगळं. खोटा एक शब्द नव्हता. पुन्हा वाचत होती तोच दार ढकलून ताई आल्या. तिनं कागद उशीखाली सारला. ऑफिसचं काम घरी आणते म्हणून ताईंना त्याचं नवल नव्हतं. त्या खाटेवर टेकल्या आणि सुजलेले पाय दाबत बसल्या.

"पाहुणा येऊन गेला म्हणे गं आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "मंगळवारी तो टकला कोपऱ्यात बसला होता ना, तोच असणार. मी त्याला मागाहून आणखी रस्सा वाढला. वाढायला नको होता का?"

"वाढलात तर काय बिघडलं, ताई?"

"मला फारसं येत नाही गं. मला काय माहीत नाही? आई गेली तेव्हा मी एवढीशी, आणि तुझा नवरा तर अजून बोबडं बोलायचा. शिकवणार कोण? शेजारणीनं एक रस्सा दाखवला, तेवढाच आला. मग रोज तोच करायचा आणि त्यात रोज वेगळं काहीतरी टाकायचं. एक दिवस बटाटा, एक दिवस अंडं. म्हणजे याला वाटायचं, आज नवीन केलंय. टाळ्या वाजवायचा वेडा." ताईंनी पदरानं नाक पुसलं. "आता पेपरात आलं की गावभर हसं होईल. यांचं सोड, पण तुझा नवरा वाचेल ना."

ताई गेल्या. मास्तरणीनं कागद उशीखालून काढला आणि बघत राहिली. आता हे छापायचं म्हणजे कसायाचं काळीज हवं. तिच्याकडे ते नव्हतं. तिखट जीभ असणं वेगळं.

तिनं कागद फाडला आणि नव्यानं चार ओळी लिहिल्या. स्वच्छ जागा आहे. वाढणारीच्या हातात माया आहे. नाव ठेवावं असं काही सापडलं नाही. बस्. धड गोड नाही, धड कडू नाही. एवढ्या मिळमिळीत लिहिण्यावर कोण शहाणा नोकरी सोडतो? खोल्यांचं नवऱ्याला आपणच समजावू, पाया पडू, रडू. असं मनाला सांगून ती ऑफिसला गेली आणि मजकूर देऊन आली.

पण दर शनिवारी मिरची खाल्लेल्या तोंडाला साधं पाणीसुद्धा गोड लागतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

शनिवारी सकाळी ताईंचे यजमान वाचता वाचता उभे राहिले. "अरे, यानं आजवर एकाला सोडलेलं नाही! बेकरीला नाही, पुलाजवळच्याला नाही! आणि आपल्याला म्हणतो, नाव ठेवावं असं काही सापडलं नाही!" ताईंनी पेपर ओढून घेऊन तीच ओळ पुन्हा वाचली. नवरा उठला आणि बाहेर पडला. दुपारी हॉटेलच्या दारात लोक उभे, टेबल रिकामं व्हायची वाट बघत. असं कधी झालं नव्हतं.

नवरा परतला तो थेट वर. मागोमाग ताईही, हात पुसत.

"कारखान्यात राजीनामा देऊन आलो," नवरा म्हणाला. "आणि येताना नर्सबाईंकडे जाऊन सांगितलं, खोल्या दुसऱ्या कुणाला द्या."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? तुझं मत मला पाठ आहे. मी तटस्थ माणसाचं ऐकलं."

मास्तरणीचा तोल सुटला. "अरे, कसला तटस्थ माणूस! पाहुणा म्हणजे मी! मी लिहिते ते! पहिल्यापासून मीच!"

खालून ताटांचा आवाज येत होता. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, पेपराकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरायला लागलं.

"म्हणजे तुला आवडत होतं!" तो म्हणाला. "माझ्यासमोर वर्षभर नाकं मुरडलीस आणि लिहायची वेळ आली तेव्हा बरोबर खरं लिहिलंस!"

"नाही रे, ऐक. उलट आहे ते. तुला सांगत होते ते..."

पुढचं तिच्या तोंडून निघेना, कारण तोवर ताईंनी तिला कवटाळलं होतं. ताई हमसून रडत होत्या. "आणि मी वेडी समजत होते, हिला माझं काही गोड लागत नाही." मग त्यांनी मास्तरणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "खरंच आवडलं ना गं तुला? माझी शपथ?"

मास्तरणीनं खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती.

"आवडलं, ताई," ती म्हणाली. "खूप आवडलं."

नवऱ्यानं तिच्या पाठीवर थोपटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यानं तिचा शब्द जसाच्या तसा खरा मानला होता.