बटण दाबलं की हात मागे

विजयश्रीने आज चौथ्यांदा विमान पाडलं. खरं नव्हे, तळवड्यातल्या आमच्या सिम्युलेटरमधलं. पण डोकं माझं खरंच फिरलं.

गोष्ट साधी आहे हो! ऑटोपायलट विमान तीन हजार फुटांवर धरून ठेवतो. पाच हजारांवर जायचं तर नवा आकडा लावायचा, किती वेगाने चढायचं ते ठरवायचं आणि बटण दाबायचं. पण आमच्या छोट्या विमानात तो फक्त नाक वर करतो. इंजिनाची ताकद आपणच थ्रॉटलचा दांडा पुढे ढकलून वाढवायची असते. नाही वाढवली तर वेग पडत जातो आणि शेवटी विमानच पडतं. आणि ही बया बटण दाबून हाताची घडी घालून बसते!

चाकणच्या कंपनीत चार वर्षं सीएनसी मशीन चालवलंय तिने, प्रोग्रॅमवर आपोआप धातू कापणारं. हिरवं बटण दाबलं की हात मागे, हा तिथला नियम अंगात मुरलाय. परवा तिची शेवटची चाचणी आहे, खऱ्या विमानात. नापास झाली तर फ्लाइंग स्कूलमधली जागा गेली, पुन्हा कंपनी आणि शिफ्ट.

"अगं, वेगाच्या काट्याकडे बघ ना! कितीदा सांगू? तोंडाला फेस आला माझ्या!"

"बघते सर, पण लक्षात येईपर्यंत उशीर होतो."

"मग मशीनवर काय झोपा काढायचीस?"

"नाही सर, ऐकायचे. कापणाऱ्या टूलवर लोड आला की आवाज बदलतो, लगेच कळतं." तिने स्पीकरकडे बोट केलं. "इथं आवाज बंदच आहे ना."

शेजारच्या शेडमध्ये दिवसभर पत्रा ठोकतात, त्यात आणखी इंजिनाची घरघर नको म्हणून तीन आठवड्यांपूर्वी स्पीकर मीच बंद केला होता. आणि वर तिलाच ठोंबी म्हणत होतो! लाज वाटली हो मला.

मी स्पीकर चालू केला. तिने पाच हजार लावले, बटण दाबलं, हाताची घडी घातली. मी ओरडणारच होतो, पण आवरलं. नाक वर गेलं, इंजिनाचा आवाज जड झाला. तशी घडी सुटली आणि हात थ्रॉटलवर गेला. पाच हजारांवर विमान सरळ झालं, आवाज चढला, तेव्हा तिने थ्रॉटल आपणहून मागे घेतला. हे तर मी शिकवलंही नव्हतं.

"सर, परवाच्या विमानात आवाज असतो ना?"

"असतो, बाई. तिथे तो बंद करायला मी नसतो."