पातेलं कोणी उचलायचं

आमच्या शहराच्या नगराध्यक्षांना सगळे शेठ म्हणतात. त्यांच्या तोंडात मी दातांचा एक ब्रिज बसवला आहे आणि त्यांनी नदीवर एक बांधला होता. माझा अजून जागेवर आहे. नदीवरचा बंडखोरांनी उडवला, असं शेठ सांगतात. बंडखोरांचा म्होरक्या सांगतो की आम्ही दारूगोळा घेऊन पोचलो तेव्हा पूल आधीच पडलेला होता, आम्ही हात हलवत परत गेलो. या वादात मी पडत नाही. शेठ माझे पेशंट आहेत आणि म्होरक्या माझा मेहुणा आहे.

मेहुण्याला डोंगरात मामा म्हणत. त्याचं दल एखाद्या वस्तीवर गेलं की पोरं आईच्या मागे लपायची. मग हा बंदूक भिंतीला टेकवून सांगायचा, "अरे, मी तुमचा मामा." पोलिसांनाही लोक मामाच म्हणत असल्यामुळे काही वस्त्यांत बराच घोटाळा झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मग तह झाला. सरकार थकलं होतं, डोंगर थकला होता, आणि दोघांनाही ते आधी कबूल करायचं नव्हतं. शस्त्रं खाली ठेवायची, पक्ष काढायचा आणि निवडणूक लढवायची, हा विचार मामाने दलापुढे मांडला. मला आजवर वाटायचं की अशा ठिकाणी हुकूम चालत असेल. प्रत्यक्षात तिथे वादावादी चालायची. सगळं बोलून झालं की हात वर करायचे. आणि ज्याचं म्हणणं पडलं, त्याने पुढच्या वाटचालीत सगळ्यांच्या जेवणाचं मोठं पातेलं पाठीवर घ्यायचं.

ही शिक्षा नव्हती. पाठीवर पातेलं असलेला माणूस रुसून मागे राहू शकत नाही, रागावून पुढेही जाऊ शकत नाही. बाकीचे त्याला मध्ये ठेवतात आणि जपतात, कारण त्याच्याबरोबर जेवण चाललेलं असतं. आमच्या घरच्या भांडणांसाठी ही पद्धत मी बायकोला सुचवली. ती म्हणाली, "मग तुमची पाठ कायमची गेलीच म्हणून समजा."

तहाच्या विरोधात सगळ्यात जास्त बोलली ती बारकी. मामाच्या हाताखाली दल तीच सांभाळायची. उंचीने माझ्या खांद्यापर्यंत, आणि नेम असा की तिच्यासमोर माशीसुद्धा जपून बसायची. तिचं म्हणणं पडलं. मग तिने पातेलं उचललं आणि डोंगरावरून थेट शस्त्रं ठेवायच्या मैदानापर्यंत आणलं. तिथे मंत्री कौतुकाने म्हणाले, "वा! स्वयंपाकीणबाईंचंही आपण पुनर्वसन करू." बारकीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पाहणं साधंच होतं, फक्त त्यात अंतर मोजल्यासारखं काहीतरी होतं.

पक्षाची कचेरी माझ्या दवाखान्यात उघडली. मला विचारलं नव्हतं. बायकोने आधी हो म्हटलं आणि नंतर मला सांगितलं. तिचा एकुलता एक भाऊ, ऐन तारुण्यात डोंगरात गेलेला, आता केस पांढरे होऊन दारात उभा होता. अशा वेळी नवऱ्याचं मत घेत बसायला ती काही निवडणूक आयोग नव्हती. पुढच्या खोलीत दाढदुखीवाले आणि कार्यकर्ते एकाच बाकावर बसू लागले. चेहऱ्यांवरून फरक करता येत नव्हता. पातेलं मागच्या खोलीत आलं आणि त्यात चहा उकळू लागला. त्याच्या पोटाला गोळीचं एक छिद्र होतं, ते कुणीतरी डोंगरात शिसं ओतून बुजवलं होतं. धंद्याच्या नजरेने सांगतो, फिलिंग उत्तम होतं.

मामा शेठविरुद्ध उभा राहिला, पण प्रचाराची सुरुवात वाईट झाली. पहिली सभा कुठे आहे हे सवयीप्रमाणे शेवटपर्यंत गुप्त ठेवण्यात आलं. उमेदवार वेळेवर पोचला, दुसरं कुणी पोचलं नाही. मग निवडणूक कचेरीने चिन्ह दिलं शिट्टी. डोंगरात शिट्टीचा अर्थ 'आडवे व्हा' असा होता. पहिल्या मिरवणुकीत हौशी पोरांनी जोरात शिट्ट्या फुंकल्या आणि पक्षाचं समस्त नेतृत्व भर बाजारात रस्त्यावर आडवं झालं. शेठ गच्चीवरून म्हणाले, "अहो, निकाल तरी लागू द्या!"

मामा उठला, पँट झटकली आणि गच्चीकडे बघून म्हणाला, "सराव करतोय, शेठ."

बाजार हसला. माझ्या मते त्या दिवशी तो उमेदवार झाला.

पोस्टरसाठी फोटो हवा होता, पण मामाचे पुढचे दोन दात डोंगरातल्या एका खडकापाशीच राहिले होते. मी म्हटलं, खुर्चीत बसा. तो दाराकडे पाठ करून बसेना. खुर्ची जमिनीत पक्की रोवलेली, दार मागे. शेवटी बारकी दारात जाऊन उभी राहिली, तेव्हा तो आडवा झाला.

"तोंड उघडं, हात अडकलेले, डोळ्यांवर दिवा," तो म्हणाला. "भावोजी, असं मला पकडूनसुद्धा कुणी बसवलं नव्हतं."

"दुखलं तर हात वर करा."

"हात वर करायची आमची सवय वेगळी आहे. तुम्हाला मत दिलंय असं समजाल."

मी काम करत होतो तेवढा वेळ तो हलला नाही. खुर्चीच्या हातांवर मात्र घामाचे ओले ठसे उमटले होते. दात बसले तेव्हा मी म्हटलं, "आता हसा."

"हसण्यासारखं काय झालंय?"

"तुम्ही उमेदवार झालाय."

तेव्हा जो हसला, तोच फोटो पोस्टरवर गेला.

एका दुपारी मी त्याच्याबरोबर प्रचाराला गेलो होतो. एका गल्लीत बारकी म्हणाली, "हे घर सोडा. हिचा नवरा शिपाई होता. खिंडीतल्या चकमकीत गेला." मामा त्याच दारात जाऊन उभा राहिला. आतून बाई आली, ओळखलं, आणि म्हणाली, "मत मिळणार नाही."

"मागायला नाही आलो. त्या दिवशी खिंडीत मीही होतो. तुम्हाला काही बोलायचं असेल तर ऐकायला आलोय."

बाईला बरंच बोलायचं होतं. ती आधी हळू बोलली, मग शेजारी बाहेर येतील इतक्या मोठ्याने. मामा उन्हात उभा राहून ऐकत होता. त्याने कारण सांगितलं नाही, आमचेही मेले असं म्हटलं नाही, मान खाली घालून सुटकाही करून घेतली नाही. बाई बोलून थकली आणि तिने दार लावून घेतलं. मग आम्ही निघालो.

"अख्खी दुपार घालवली," बारकी कुरकुरली. "तिथे एक मत नव्हतं."

"म्हणून तर ते घर आधी करायला हवं होतं," मामा म्हणाला.

मी आयुष्यभर लोकांची तोंडं उघडायला सांगत आलो आहे. तोंड मिटून उभं राहण्यात इतकी ताकद लागते हे त्या दिवशी पाहिलं.

बायकोला मात्र भलतीच काळजी होती. एका सकाळी हत्यारं उकळायला ठेवता ठेवता तिने विचारलं, "अहो, दादा हरला तर?"

"तर शेठ जिंकतील."

"शेठचं काय घेऊन बसलात! ही मुलं परत वर जातील. आणि ही गेली तर दादा इथे राहील का?"

परत जायचं बारकीने लपवलंही नव्हतं. "जिंकलो तर कचेरी, हरलो तर बूट," असं ती सरळ सांगायची. तिचे डोंगरातले बूट माझ्या एक्स-रेच्या खोलीत खिळ्याला टांगलेले होते. शस्त्रं सगळी जमा झाली होती, असं कागदावर होतं. डोंगरात अजून काय कुठे पुरलेलं आहे, हे ठाऊक असलेल्या माणसांत बारकी होती, आणि बाकीची पोरं तिच्या बुटांकडे बघून चालायची.

निकाल लागला आणि मामा हरला. फार फरकाने नाही, पण शेठ तेवढ्यावरच हत्तीएवढे झाले. फटाक्यांचा आवाज दवाखान्यापर्यंत येत होता आणि प्रत्येक आवाजाला आमच्या बाकावरचे कार्यकर्ते नकळत डोकं खाली घालत होते. खुर्चीत माझा एक पेशंट अर्धा जबडा बधिर होऊन पडला होता. राजकारणात बधिर होऊनही ऐकू येतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

बारकी एक्स-रेच्या खोलीत गेली, बूट घेऊन आली आणि बाकावर बसून घालू लागली. एकेक पोरगा उठून उभा राहिला. माझी बायको दारात आडवी उभी होती. तिला ढकलून जायची कुणाची हिंमत नव्हती, पण दारं दोन होती.

तेवढ्यात मामा मतमोजणीहून आला. बुटांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि विचारलं, "पातेलं कुठाय?"

"चहा आहे त्यात," बायको म्हणाली.

"ओता."

त्याने स्वतः पातेलं पुसलं, दोरी काढली आणि पाठीवर बांधायला लागला. बारकीचे हात लेसवरच थांबले.

"काय करताय, मामा?"

"तह करू, मतं मागू, हे म्हणणं माझं होतं. पडलं. मग कोणी उचलायचं?"

"तो नियम डोंगरातला. डोंगरातच राहिला तो."

"मग पातेलं खाली कशाला आणलंस?"

बारकीने लेस बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "आपल्या माणसांत ते ठीक होतं. ही शहरातली माणसं काय आपल्या दलातली आहेत?"

"हात तर सगळ्यांनी वर केले. तूही केलास, मीही केला. एकदा मोजायला बसलो की मोजणी पटेल तेवढीच धरायची, असं नसतं गं." त्याने गाठ आवळली. "तू माझ्यावर चिडून हे डोंगर उतरवून आणलंस. मी शेठवर चिडून बाजार ओलांडू शकत नाही का?"

आणि तो निघाला. मी पेशंटला म्हटलं, "चूळ भरा, आलोच," आणि बायकोबरोबर मागे निघालो.

भर दुपारी, बाजारातून, पाठीवर काळंकुट्ट पातेलं घेऊन हरलेला उमेदवार चालला होता. लोक बाजूला होत होते, काही दुकानांची शटरं खाली आली. ज्याने अर्धी नोकरी मामाला शोधण्यात घालवली तो फौजदार आडवा आला.

"त्यात काय आहे?"

"काही नाही. वाजवून बघा."

फौजदाराने बोटाने टकटक केली. पातेलं पोकळ घुमलं. "जा," तो म्हणाला, आणि थोडा वेळ बरोबर चालला.

कोपऱ्यावर एका वात्रट पोराने जोरात शिट्टी फुंकली. मामाचे गुडघे किंचित वाकले. पण पातेलं खाली आलं नाही.

शेठच्या दिवाणखान्यात हारांचा ढीग होता आणि त्या ढिगात कुठेतरी शेठ होते. मामाला बघून ते खुर्चीसकट मागे सरकले. मामाने पातेलं त्यांच्यासमोर उतरवलं.

"अभिनंदन, शेठ. आता सांगा."

"काय... काय सांगू?"

"काय उचलायचंय ते."

शेठचं तोंड उघडं पडलं. मला माझा ब्रिज लांबूनही स्वच्छ दिसला. "डॉक्टर, हे काय म्हणतायत?"

"हरलेत, म्हणून कामाला आलेत," मी म्हटलं.

"हरलेली माणसं कोर्टात जातात हो!"

"यांच्यात पातेलं उचलतात."

शेठ व्यापारी माणूस. फुकट हमाल दारात आल्यावर ते फार वेळ घाबरून राहत नाहीत. हार सारखे करून, भोवतालच्या मंडळींकडे डोळा घालत ते म्हणाले, "मग उचला की पूल! तुमचंच काम ते."

मंडळी खो खो हसली. मामा हसला नाही.

"कोणी पाडला हे नंतर भांडू," तो म्हणाला. "बांधायला उद्यापासून येतो."

हसणं थांबलं, कारण दारात बारकी उभी होती. पायांत डोंगरातले बूट, लेस घट्ट बांधलेली, मागे सगळी पोरं. बायकोने माझा दंड इतका दाबला की मलाच भूल हवी होती. बारकी सरळ आत आली. तिच्या हातात पातेल्याचं झाकण होतं.

"हे राहिलं होतं," ती म्हणाली आणि झाकण पातेल्यावर ठेवलं.

मामा तिच्या पायांकडे बघत होता. "आणि हे?"

"मग नदीत काय चपलांनी उतरायचं?"

बायकोने माझा दंड सोडला. बारकी शेठकडे वळली आणि मैदानावर मंत्र्यांकडे पाहिलं होतं तसंच पाहिलं, तेच अंतर मोजत.

"सिमेंट मात्र मी स्वतः बघून घेणार, शेठ."

शेठनी तोंड मिटलं.