लोण्याच्या वासाची खोली

अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या गावात पॉपकॉर्नचा कारखाना एकच. मायक्रोवेव्हमध्ये फुगणाऱ्या त्या कागदी पिशव्या तिथे भरल्या जात. मी पॅकिंगला होते आणि आमची सुपरवायझर होती अर्लीन टॉडहंटर. कडक बाई, पण मनाने वाईट नव्हती.

तिची धाकटी बहीण नडीन नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर माहेरगावी परत आली, तेव्हा अर्लीननेच तिला कारखान्यात पॅकिंगला लावून घेतलं. दिवसभर उभं राहून नडीनची कंबर धरायची. म्हणून अर्लीनने तिला मिश्रणाच्या खोलीत टाकलं. तिथे मोठ्या टाकीत तेल गरम करायचं, त्यात मीठ, पिवळा रंग आणि लोण्याच्या वासाचं रसायन ओतायचं. काम एकटीचं, बसायला स्टूल, आयोवाच्या हिवाळ्यातही ऊब. आम्हाला हेवाच वाटला होता.

वर्षभरात नडीनला खोकला लागला. जिना चढताना ती मध्येच थांबायची. गावातल्या डॉक्टरांनी दमा म्हणून औषध दिलं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासमोरच बहिणीला म्हणाली, "अर्लीन, मला परत पॅकिंगला घे ना. टाकीचं झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात, छाती भरून येते."

"अगं, वजन बघ किती वाढलंय तुझं. दम लागणारच."

"वजनाचं नाही गं हे."

"त्या खोलीसाठी दुसरं कोणी मिळत नाही मला. आणि बहिणीला सोपं काम दिलं म्हणून आधीच लोक बोलतात, आता तेही तुला नको म्हटलं तर काय सांगू? एवढा हिवाळा काढ. उन्हाळ्यात बघू."

नडीनने हिवाळा काढला. उन्हाळा आला, पण विषय ना हिने काढला ना तिने. मीही गप्पच राहिले.

पानगळीच्या दिवसांत नडीन कपडे वाळत घालताना अंगणात कोसळली. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा दमा नाही. फुप्फुसातल्या बारीक नळ्या आतून व्रण पडून बुजल्या आहेत, त्या आता मोकळ्या होणार नाहीत. त्यांनीच सरकारला कळवलं. मग तपासनीस आले, खोलीतली हवा बाटल्यांत भरून घेऊन गेले. तपासात निघालं की लोण्याच्या वासाचं ते रसायनच गरम वाफेतून छातीत जाऊन नळ्या बुजवत होतं. घरी एखादी पिशवी फोडणाऱ्याची गोष्ट वेगळी, नडीन रोज दिवसभर त्या वाफेत काम करत होती.

तपासनिसांनी आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून विचारलं, आधी कोणी तक्रार केली होती का? मॅनेजर म्हणाले, "नाही. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही."

अर्लीन उभी राहिली. "तुमच्यापर्यंत आलं नाही, कारण मी येऊ दिलं नाही. माझ्या बहिणीने बदली मागितली होती. मी नाही म्हटलं."

मी टेबलाकडे बघत बसले.

त्या संध्याकाळी ती नडीनकडे गेली. सोबत म्हणून मला नेलं. नडीन खुर्चीत होती, नाकाला प्राणवायूची नळी. अर्लीनने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं गं."

"रसायनाचं तुला ठाऊक नव्हतं," नडीन दम घेत म्हणाली. "मला त्रास होतोय हे मी तुला सांगितलं होतं."

"हो."

"मग ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस."

अर्लीन रडली नाही. उठून तिने सिंकमधली भांडी घासली, आणि नडीनने तिला अडवलं नाही.

पुढे कारखान्याने त्या खोलीत पंखे बसवले, कामगारांना तोंडावर लावायला मास्क दिले, काही वर्षांनी ते रसायनही बदललं. पण त्याआधीच अर्लीनने सुपरवायझरपद सोडलं आणि स्वतः मागून घेऊन त्या खोलीत कामाला गेली. नडीनला हे कळलं तेव्हा ती चिडली. "दोघींनी आजारी पडून काय होणार? तू आजारी पडलीस तर मला अंघोळ कोण घालणार?"

दुसऱ्या आठवड्यात अर्लीन पॅकिंगला परत आली. माझ्या शेजारी उभी राहून पिशव्या मोजते. कोणी नवी मुलगी त्रास होतो म्हणून बदलीचं विचारायला आली की, आता सुपरवायझर नसली तरी, हातातलं काम थांबवून ऐकते.