दोन हातांची मेथी

“मेथी कडू लागते ती जिभेला. आतड्यांना विचारून बघ, ती म्हणतील, मावशी आली गं, मावशी!”

हा माझ्या आईचा आवाज. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. आमच्या जडीबुटीच्या दुकानात, फळीच्या मागे बसून ती परातीत मेथी पसरायची, खडे वेचायची आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मध्येच गुणगुणायची,

मेथीचा गं दाणा, कडू बोले तोंडावर,
पाठीवर हात फिरे, पोटात गेल्यावर.

पुस्तकातलं तिला काही ठाऊक नव्हतं. पण दूध कमी म्हणून डोळ्यांत पाणी आणलेली बाळंतीण दारात आली की मेथी, गुडघे धरलेली म्हातारी आली की मेथी, पोट साफ होत नाही म्हणून जगावर चिडलेला कारकून आला की त्यालाही मेथीच. कुणाला भिजवून, कुणाला मोड आणून, कुणाला भाजून पूड करून. ती गेली आणि दुकान माझ्याकडे आलं. लाकडी खणांची भिंत, पितळी तराजू, आणि पूड काढायची तिची खोलगट लाकडी पळी.

मीही बरी चालवली गादी. पण एक गिऱ्हाईक मला कधी वश झालं नाही. माझे वडील.

अण्णा शिंपी. त्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून, मध्ये एक भिंत. चहा हवा असला की ते लोखंडी पट्टीने भिंतीवर दोनदा टकटक करणार, मी एकदा उत्तर देणार. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तात साखर निघाली. त्या दिवसापासून दर महिन्याला मी त्यांना मेथीची पुडी बांधून द्यायचे. ते “हो गं ठमे” म्हणून घ्यायचे. लाडाने ते मला ठमी म्हणतात, माझे केस पांढरे झाले तरी. एकदा त्यांच्याकडे काळं बटण शोधायला खण उघडला, तर आत माझ्या पुड्या. ओळीने. दोरा न सुटलेल्या.

“अण्णा!”

“बटणंच समजून ठेवली गं,” ते म्हणाले. आणि सुईत दोरा ओवायला लागले.

मी हसले. बापावर किती रागवायचं.

मग धाकट्या भावाचं लग्न झालं. भावजय आली ती इस्पितळात आहारतज्ज्ञ. सडपातळ, मऊ बोलणारी, मला “ताई, ताई” म्हणत मागेपुढे करणारी. अशा माणसाचा राग करायला काही निमित्तच सापडत नाही, हा केवढा ताप! तिने जेवणाच्या टेबलावर एक छोटा वजनकाटा आणून ठेवला. संध्याकाळी सहा ग्रॅम मेथी मोजून वाटीत भिजत घालायची, सकाळी ती वाटी अण्णांसमोर. आणि दहा वर्षं पुड्या खणात दडवणारा माझा बाप, ते बुळबुळीत दाणे एकेक करून चावून खायला लागला. वर ते पाणीही प्यायला लागला.

मी एका सकाळी मुद्दाम गेले, डोळ्यांनी बघायला.

“अण्णा, मी दहा वर्षं हेच सांगत होते ना?”

“तू सांगायचीस,” अण्णा तोंड वाकडं करत, चावत म्हणाले, “ही समजावते.”

बस. एवढंच. पण अंगावर उकळतं पाणी पडावं तसं झालं.

“काय समजावते?”

“अगं, मेथीत एक चिकट तंतू असतो. तो पोटात जाऊन फुगतो, जेलीसारखा. मग खाल्लेल्या अन्नातली साखर रक्तात उडी मारत नाही. जिना उतरल्यासारखी एकेक पायरी उतरते. शिवाय प्रथिनं, शिवाय लोह. हो ना, सूनबाई?”

“अगदी बरोबर, अण्णा!” भावजय म्हणाली. पोराने पाढा म्हणून दाखवल्यासारखं तिचं तोंड खुललं. “फक्त गोळीची वेळ आणि जेवण चुकवायचं नाही. मेथी आणि गोळी दोघी साखर उतरवतात. पोटात अन्न नसलं की प्रमाणाबाहेर उतरते.”

“आई हेच म्हणायची,” मी म्हटलं.

“तुझी आई मावशी आली म्हणायची,” अण्णा हसले. “मावशी कशाला आली ते हिने सांगितलं.”

तीन महिन्यांनी तपासणी झाली. सरासरी साखरेचा आकडा नऊ टक्क्यांवरून पावणेआठवर आला. डॉक्टरांनी सुनेचं कौतुक केलं, सुनेने सासऱ्यांचं केलं, धाकट्याने दोघांचं केलं. मी कलिंगड कापत होते. बिया वेचायचं काम माझ्याकडे होतं.

पुढे तर कहरच. तिने इस्पितळात मेथीवर बोलायला सुरुवात केली. दर गुरुवारी, बाह्यरुग्ण विभागातल्या बाकांवर बसलेल्या लोकांसमोर. लोक तिथून चिठ्ठ्या घेऊन थेट माझ्या दुकानात यायचे.

“मॅडमनी सांगितलीय ती मेथी द्या.”

“कोणत्या मॅडमनी?”

“इस्पितळातल्या. फार हुशार आहेत हो. तुम्हाला माहीत आहे का, मेथीने साखर कमी होते?”

मला! माझ्याच फळीसमोर उभं राहून मला विचारतात, तुम्हाला माहीत आहे का! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. खण माझे, तराजू माझा, आईचा जन्म गेला त्यात, आणि नाव कुणाचं? मी पुडी बांधताना दोरा इतका आवळायचे की कागद फाटायचा.

त्या आठवड्यात मी मेथी भाजली. मंद आचेवर, रंग बदलेपर्यंत. दळली. चाळली. आणि साडेअकराला कोमट पाण्याच्या पेल्यात एक पळी शिगोशीग ढवळून अण्णांच्या दुकानात गेले.

ते कोटाचा गळा उसवत होते. “हे काय?”

“पूड. आईच्या पद्धतीची. भिजवलेल्या दाण्यांपेक्षा दसपट गुणाची.” दसपट वगैरे मी तिथेच, उभ्या उभ्या रचलं.

“सकाळी घेतली की गं.”

“तिच्या हातची घेतलीत. माझ्या हातची?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग पेला उचलून एका दमात रिकामा केला. सगळं अंग शहारलं त्यांचं.

“सूनबाईला सांगू नका,” मी म्हटलं.

“का गं?”

“उगाच तिचा वजनकाटा रुसेल.”

ते हसले. मीही हसले. कटात सामील झालेल्या दोन पोरांसारखे आम्ही हसलो, आणि कितीतरी वर्षांत मला इतकं सुख झालं नव्हतं.

मग रोज साडेअकरा. महिन्याने एकीच्या दोन पळ्या झाल्या. मी कधी वजन केलं नाही. आमच्याकडे पळी म्हणजे पळी. अण्णा ढेकर द्यायचे, पोटावरून हात फिरवायचे. “ठमे, भूकच मेली बघ. बैल बसल्यासारखं वाटतं आत.” सुनेने दिलेला जेवणाचा डबा अर्धा राहायला लागला. तिला कळू नये म्हणून उरलेलं ते मला द्यायचे. तिच्या हातचं मी खायचे आणि त्यांच्या पोटात माझी मेथी.

पुढच्या तपासणीत आकडा सव्वासहावर. घरात नुसता जल्लोष. धाकट्याने बायकोच्या पाठीवर थाप मारली, “वा, बाईसाहेब!” आणि माझ्या मनात कुणीतरी पाय आपटून ओरडत होतं, माझा आकडा आहे तो, माझा! पण ओरडणार कसं? चोरून दिलेल्या गुणाचं श्रेय उजेडात मागता येत नाही.

एकदा भावजय दुकानात आली. हातात अण्णांचा धुवायचा सदरा. “ताई, वास घ्या ना जरा. पाकासारखा येतोय. मेथी खाणाऱ्याच्या घामाला येतो हे खरं, पण सहा ग्रॅमला इतका? आणि सदरे सैल व्हायला लागलेत.”

“म्हातारं अंग,” मी म्हटलं. “वास धरून ठेवतं.”

तिने मान हलवली. तिला पटलं. माझ्यावर तिचा विश्वास होता, तोही मला डाचला.

आणि मग तो मंगळवार. दुपारचे अडीच. भिंतीपलीकडून टकटक आली नाही, आला तो कात्री फरशीवर पडल्याचा आवाज. मी धावले. अण्णा गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते म्हणे. टेप त्याच्या गळ्यात तसाच लोंबत होता आणि अण्णा खाली, घामाने थबथबलेले, हात थरथरणारे. डबा कोपऱ्यात, झाकणही न उघडलेला. गोळीचं पाकीट मात्र उघडं.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या दुकानातला मध आणायला गिऱ्हाइकाला पिटाळलं, बोटाने त्यांच्या हिरड्यांना चोळला. डोळे अर्धवट उघडले. माझ्याकडेच बघत होते.

“सूनबाई,” ते म्हणाले, “पाणी.”

बाप मांडीवर मरायला टेकलेला आणि मला लागलं ते हे. काय सांगू.

इस्पितळात बोट टोचून मोजलेली साखर बेचाळीस निघाली, सत्तरच्या खाली जायला नको असते ती. नळी लागली, तासाभरात माणसं ओळखायला लागले. धाकटा ऑफिसमधून तसाच आला आणि सगळ्यांसमोर बायकोवर कडाडला, “तुझ्या प्रयोगांना माझा बापच सापडला?”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. ती इथेच नोकरीला, येणारे-जाणारे तिला ओळखणारे, सगळे बघत होते. आणि खरं सांगते, पळभर माझ्या आत काहीतरी गोड झालं. पळभरच. पण झालं.

डॉक्टर म्हणाले, “सहा ग्रॅमने एवढं होत नाही. यांचं वजनही उतरलंय. बाकी काही औषध, काही पूड, काढा?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

“नाही हो,” अण्णा म्हणाले. “दुसरं काही नाही.”

माझ्यासाठी खोटं बोलले. दहा वर्षांत माझं एक ऐकलं नाही, आणि आता न सांगता हे एक ऐकलं.

“मग स्वादुपिंड बघायला हवं,” डॉक्टर म्हणाले. “तिथे गाठ असली तरी साखर अशी कोसळते. उद्या मोठ्या इस्पितळात पाठवू. उपाशी ठेवून तपासावं लागेल, एखादवेळेस तीन दिवस.”

गाठ. तीन दिवस उपाशी. सत्तरीचं माणूस.

बुधवारी सकाळी दहाला गाडी यायची होती. मी पावणेदहाला पोचले. अण्णा डोळे मिटून पडलेले. ओठ कोरडे, न्याहारी नाही. भावजय शेजारच्या स्टुलावर, कालच्याच कपड्यांत. मांडीवर वही, वहीत गेल्या सात महिन्यांच्या सकाळी, प्रत्येकीपुढे सहा, सहा, सहा. वहीखाली एक बंद लिफाफा.

“हे काय?” मी विचारलं.

“गुरुवारचं बोलणं बंद करते म्हणून वरिष्ठांना पत्र,” ती म्हणाली. “आधी मला कळू दे. तोवर लोकांना काय सांगू, ताई? कुणाच्या बापाला असं झालं तर?” मग तिने वही माझ्यापुढे धरली. “तुम्ही लहानपणापासून हेच बघितलंय. तुम्हीच सांगा ना, माझं कुठे चुकलं? मी एकदासुद्धा जास्त घातली नाही हो. मोजून. रोज.”

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने ते आकडे बोटाने एकेक करून तपासले होते. पानं कडांना मळली होती. दुसऱ्याच्या बापासाठी कोण इतकं करतं?

दारातून गाडीवाला डोकावला. “पेशंट तयार आहे का?”

“दोन मिनिटं थांबा,” मी म्हटलं. “डॉक्टरांना बोलवा आधी.”

अण्णांनी डोळे उघडले. “ठमे, राहू दे.”

“नाही अण्णा.” मी भावजयीच्या समोर, पलंगाच्या कडेवर बसले. वही मिटून तिच्या हातात दिली. “तुझं काही चुकलं नाही. चार महिने रोज साडेअकराला मी यांना मेथीची पूड देत होते. आधी एक पळी, मग दोन शिगोशीग. तुझे सहा ग्रॅम होते, माझे चाळीस असतील, जास्तही असतील. त्याने यांची भूक मेली, डबा मी खाल्ला, आणि उपाशी पोटी यांनी गोळी घेतली. गाठबिठ काही नाही. गाठ होती ती माझ्या मनात.”

तिने वही बाजूला ठेवली. “पण ताई… मला का नाही सांगितलंत? आपण मिळून दिली असती.”

“मिळून नको होती मला,” मी म्हटलं. “यांनी तुझं ऐकलं आणि माझं ऐकलं नाही, ते मला सोसवलं नाही. तू या घरात आलीस त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळतेय.”