धरणाचा भोंगा

आम्ही गिरणीतली माणसं, भोंगा वाजला की जेवायले बसणारी. एकाहत्तर साली आम्ही भरलेलं धरण पाहायले गेलो. खालच्या कोरड्या पात्रात रोडगे भाजून झाले अन् वरून भोंगा वाजला. मी सगळ्यांले पंगतीले बसवलं.

सून शेवंता म्हणाली, "आत्याबाई, हा पाणी सोडायचा भोंगा नसंल ना?"

"तुह्या बापानं धरण बांधलं का वं? जेव मुकाट्यानं."

तेवढ्यात गोवऱ्यांचा विस्तव चुर्र करून विझला. दगडांखालून पाणी आलं होतं. माझा लेक हंसराज पोरं उचलून काठाकडं धावला, त्याच्यामागं शेवंता. माझे पाय थिजले. पाणी गुडघ्याले लागलं, पायाखालची वाळू सरकून राहिली होती. शेवंता माघारी आली. तिचं मनगट धरून मी काठ गाठला. वर आल्यावर तिनं हात सोडवून पाहिला, पण माझी बोटं उघडेनात.